जोसेफ वाझ पोर्तुगिजांचे हस्तक? तारखा काय सांगतात

गोव्याच्या इतिहासावर वाद पेटला की सतराव्या शतकात लंकेत काम केलेले कॅथलिक पाद्री जोसेफ वाझ यांच्यावरचा एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: जोसेफ वाझ हा पोर्तुगीज मिशनरी, त्याने पोर्तुगीज तोफांच्या बळावर लंकेतले बौद्ध बाटवले, त्याचा पाद्र्यांचा संघ म्हणजे गोऱ्यांची टोळी, आणि 2015 मध्ये पोपने नियम वाकवून त्याला संत केले. यातला शेवटचा आरोप थोडाफार टिकतो. बाकीचे नाही.

आधी 'पोर्तुगीज'. वाझ 1651 मध्ये गोव्यात बाणावलीला, आजोळी जन्मले. वडील सांकवाळचे. घराणे ख्रिस्ती झालेल्या सारस्वतांचे, घरची भाषा कोकणी. आडनावावरून देश ठरवायचा तर गोव्याची निम्मी सासष्टी लिस्बनची निघेल.

तोफांचे म्हणाल, तर डचांनी पोर्तुगिजांकडून कोलंबो 1656 मध्ये घेतले आणि जाफना 1658 मध्ये. वाझ तेव्हा सात वर्षांचे होते. ते लंकेत पोहोचले 1687 मध्ये. किनारपट्टी डचांची, डच कॅल्व्हिनपंथी, म्हणजे कॅथलिकांच्या विरोधातले प्रोटेस्टंट, कॅथलिक पाद्र्यांना बंदी आणि त्यांना आसरा देणाऱ्याला देहदंडाचा धाक. म्हणून हे गृहस्थ भिकाऱ्याच्या वेशात, आजारी अवस्थेत जाफन्याला उतरले. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, रात्री, चोरून व्हायची. 1689 च्या नाताळात डचांनी धाड घालून शेकडो कॅथलिकांना पकडले. पाठीशी तोफा असणारा माणूस असा लपतछपत फिरत नाही.

गंमत म्हणजे 'पोर्तुगिजांचा हस्तक' हा आरोपही नवा नाही. 1692 मध्ये वाझ लंकेच्या अंतर्भागातल्या कँडीच्या स्वतंत्र बौद्ध राज्यात गेले तेव्हा तिथल्या दरबारात कुणीतरी हेच कान भरले आणि त्यांना हेर म्हणून कैदेत टाकले. राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांच्यावर नजर ठेवली, हळूहळू बंधने सैल केली आणि शेवटी राज्यात फिरायची मोकळीक दिली. हा राजा धर्माबद्दल उदासीन होता म्हणावे, तर त्यानेच भिक्खूंची खंडित झालेली उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, पुन्हा सुरू करायला अराकानहून (आजच्या म्यानमारमधून) भिक्खू आणवले होते. त्याच्या राज्यात जबरदस्तीने बौद्ध बाटवायची एका निःशस्त्र गोवेकराची काय बिशाद? वाझ यांनी बाप्तिस्मे दिलेच नाहीत असे मी म्हणत नाही, दिले. पण त्यांचे मुख्य काम होते तीसेक वर्षे पाद्र्यावाचून राहिलेल्या जुन्या कॅथलिकांना गाठणे. 1697 च्या देवीच्या साथीत नातेवाईकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा त्यांनी केली, ती धर्म न विचारता.

पोर्तुगिजांनी सासष्टीतली देवळे पाडली, 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालय, चालवले. ते वाझ यांच्या हयातीतही चालू होते. त्याचा जाब जरूर विचारा. पण त्यासाठी लंकेतल्या या पाद्र्याला धरण्यात अर्थ नाही.

आता संघ. युरोपीय संघ एतद्देशीयांना सहसा घेत नसत. म्हणून काही गोवेकर पाद्री जुन्या गोव्यात चमत्कारी क्रुसाच्या चर्चपाशी एकत्र राहू लागले. वाझ 1685 मध्ये त्यांच्यात आले, प्रमुख झाले आणि संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरी या युरोपातल्या पाद्री-संघाची नियमावली त्यांनी संघाला लावली. पुढे लंकेला गेलेले पाद्री याच संघाचे. त्यांतले दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस सिंहली आणि तमिळमध्ये ग्रंथ लिहून गेले. टीकाच करायची तर इथे खरी जागा आहे: संघात प्रवेश फक्त ब्राह्मण ख्रिस्तींना होता. गोऱ्यांनी दार लावले म्हणून उभा राहिलेल्या संघाने आपल्याच लोकांना दार लावले. भक्तांच्या चरित्रांत हे सहसा येत नाही आणि फिरत्या मजकुरातही नाही. बहुधा तो लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसावे. हा 'हस्तकांचा' संघ शेवटी बंद पाडला तो पोर्तुगीज सरकारनेच, 1834 नंतर सगळे धार्मिक संघ बरखास्त करताना.

राहिला संतपदाचा नियम. धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित झाल्यावर संतपदासाठी एरवी आणखी एक चमत्कार लागतो. पोप फ्रान्सिस यांनी तो माफ केला, हे खरे. तसा अधिकार पोपना असतो आणि या पोपनी तो इतरांसाठीही वापरला. 14 जानेवारी 2015 चा कोलंबोतला सोहळा म्हणूनच होऊ शकला. ज्यांना मुळात चमत्कारच मान्य नाहीत, त्यांनी एक कमी पडला म्हणून तक्रार का करावी, ते मला कळलेले नाही.