पेपर वाढवून काय होणार?
रुग्णसुरक्षेसाठी डी.फार्म.ला (औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेला) आणखी एक पेपर ठेवावा, ही लेखातली सूचना अजिबात पटली नाही. संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज घेतलं तर रक्तपेशी घटून जिवावर बेततं, हे मुलांना तोंडपाठ असतं. पण ५०० तासांच्या ट्रेनिंगला आमच्या मेडिकलमध्ये आली की "कळलं ना आजी?" एवढंच विचारतात. आजी मान डोलावतात, झालं! मी पाकिटावर ठळक अक्षरांत 'फक्त सोमवारी' लिहायला लावते आणि आजींनाच विचारायला सांगते, "गोळी कधी घेणार, सांगा बघू?" परीक्षेत मार्क याला द्या.

आणि अक्षर लागलं नाही म्हणून डॉक्टरांना फोन करणाऱ्या मुलावर, कितीही गर्दी असली तरी, मालकांनी कृपया डाफरू नये.