घोडं कुठं पेंड खातंय?

आमचं इंटरनेट बंद पडत नाही. बंद पडलं असतं तर सुखानं तक्रार तरी करता आली असती. ते रोज संध्याकाळी नुसतं रुसतं. मीटिंगमध्ये साहेबांचा जबडा आधी हलतो, शब्द मागाहून येतात.

मग मी कॉम्प्युटरवरची ती काळी खिडकी उघडून ट्रेसरूट सोडतो, म्हणजे वाटेत कुठं अडतंय ते दाखवणारी आज्ञा. युक्ती तशी क्रूरच. नेटवरून माहिती तुकड्यातुकड्यानं जाते; अशा प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे पॅकेटच्या, कपाळी टीटीएल नावाचं आयुष्य लिहिलेलं असतं. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की पॅकेट तिथंच निकालात काढून धाडणाऱ्याला तसं कळवतो. ट्रेसरूट मुद्दाम आधी १ आयुष्याची पॅकेटं पाठवतो, मग २, मग ३. कोण कुठं गेलं, या निरोपांवरून रस्ता कळतो. एकेका टप्प्यावर तीन बळी!

घरचा राउटर एका मिलीसेकंदात ओ देतो. दुसरा टप्पा इंटरनेट कंपनीचा: ३८०, ४१२ मिलीसेकंद. चौथ्यावर नुसते तीन तारे, म्हणजे उत्तरच नाही. तारे बघून घरचे धास्तावतात, पण ते राउटर सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखे असतात. फाइल पुढं सरकवतात, 'आपण कोण' विचारलं तर मान वर करत नाहीत. पुढचे आकडे धड असतील तर तारे खुशाल सोडून द्यावेत. इथं मात्र दुसऱ्यापासून शेवटापर्यंत सगळेच आकडे फुगलेले. म्हणजे घोडं दुसऱ्याच टप्प्यावर पेंड खातंय.

(एकदा तर पुण्याहून मुंबईला निघालेलं पॅकेट सिंगापूर बघून आलं. देशातली वाहतूक देशातच राहावी म्हणून २००३ पासून निक्सी नावाचा, इंटरनेट कंपन्यांनी आपसात पॅकेटं देण्याघेण्याचा देशी नाका आहे, पण पॅकेटला कोण सांगणार? माझा पासपोर्ट अजून कोरा आहे.)

कंपनीला फोन लावून म्हटलं, "दुसऱ्या हॉपला, म्हणजे टप्प्याला, लेटन्सी वाढतेय. उशीर होतोय."

"सर, राउटरवर लाल दिवा दिसतोय का?"

"नाही. अहो, राउटर ठीक आहे. तुमच्याकडे…"

"मग एकदा बंद करून चालू करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला एक मुलगा आला. माझा स्क्रीनशॉट त्यानं पाहुण्यांच्या लग्नाचा अल्बम बघावा तितक्या आस्थेनं पाहिला, वायरीचं टोक बदललं आणि मोबाइलवरची स्पीड टेस्ट पुढं धरली. "बघा, शंभर येतंय."

आई म्हणाली, "अरे, संध्याकाळी ये ना बाळा. तेव्हाच अडतं."

"संध्याकाळी नको काकू," तो बॅग उचलत म्हणाला, "तेव्हा नेट स्लो असतं, टेस्ट नीट येत नाही."