"पाच मिनिटांचं काम आहे गं, बघ ना जरा"

गेल्या आठवड्यात संध्याकाळी निघताना आमच्याकडची नवीन मुलगी स्क्रीनकडे बघत डोळे पुसताना दिसली. जॉइन होऊन जेमतेम दोन महिने झालेत, प्रोबेशनवर आहे. काय झालं विचारलं तर म्हणाली, "मॅडम, माझं स्वतःचं काम मी अजून सुरूच केलेलं नाहीये." समोर उघडं होतं महिनाअखेरचं व्हेंडर रिकन्सिलिएशन, म्हणजे माल पुरवणाऱ्यांच्या हिशेबाशी आपला हिशेब जुळवायचं काम, जे तिचं नाहीच, कधीच नव्हतं. कुणाचं ते मला विचारावं लागलं नाही, कारण तीन वर्षांपूर्वी हीच शीट, त्याच माणसाकडून, त्याच वाक्यासकट माझ्या गळ्यात पडली होती. "पाच मिनिटांचं काम आहे गं, तुझा हात एक्सेलवर छान चालतो, बघ ना जरा."

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीये की ते पाच मिनिटांचं नसतं. आपलं लेजर आणि व्हेंडरचं स्टेटमेंट समोरासमोर ठेवायचं, एकेक बिल जुळवायचं, डेबिट नोट, म्हणजे बिलातून वजा करायच्या रकमेचा कागद, शोधायची, दिलेला अ‍ॅडव्हान्स कुठल्या बिलात वळता झाला ते बघायचं, आणि शेवटी थोडाच फरक राहिला तरी तो का राहिला हे सापडेपर्यंत उठता येत नाही. मी ते सलग चार महिने केलं, दर वेळी दोन-अडीच तास, स्वतःचं काम संपवून. पाचव्या महिन्यात एक बिल दोनदा पेमेंटला गेलं. इनव्हॉइस नंबरमध्ये एकदा डॅश टाकलेला होता आणि एकदा नव्हता, त्यामुळे सिस्टिमने ती दोन वेगळी बिलं धरली, आणि ते माझ्या नजरेतून सुटलं. चूक माझीच, मी नाही म्हणत नाही. पण चार महिने रिव्ह्यू मीटिंगमध्ये "मी क्लोज केलं" म्हणणारा माणूस त्या दिवशी सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाला, "ते तिच्याकडे होतं." काम नीट झालं की त्याचं, बिघडलं की माझं. मला राग येण्याआधी धक्काच बसला, कारण मी खरंच मदत करतेय असं समजत होते!

त्यानंतर मी काय केलं तर जे बहुतेक सगळे करतात तेच, म्हणजे बाकीच्यांजवळ त्याच्याबद्दल बोलत राहिले. त्याला सोडून सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली, प्रत्येकाकडे त्याचा एकेक किस्सा निघाला आणि पुढच्या महिन्यात शीट परत माझ्याच मेलवर, खाली एकच ओळ, "प्लीज डू द नीडफुल".

मग एक डायरी केली. कुणाला दाखवायला म्हणून नाही, मलाच कळावं म्हणून. तारीख, काम काय, मूळ कुणाचं, किती वेळ गेला. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या आणि बेरीज एकोणीस तास आली, म्हणजे जवळजवळ अडीच दिवस मी दुसऱ्याची नोकरी करत होते. ती बेरीज बघून माझे हातपाय गार पडले. मनातल्या मनात "फार होतंय" म्हणणं वेगळं आणि एकोणीस हा आकडा कागदावर दिसणं वेगळं.

डायरी घेऊन बॉसकडे गेले तर उत्तर मिळालं, "तुम्ही आपापसात बघा ना." खरं सांगते, त्या सहकाऱ्यापेक्षा मला या वाक्याचा जास्त राग आहे. आपापसात बघायचं असतं तर कामाची वाटणी करायला वरती माणूस कशाला हवा? आणि बॉसला माहीत नसतं असं अजिबात नाही. पण काम वेळेवर होतंय, मग कोण निस्तरतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जोपर्यंत आपण गुपचूप ओढून नेतोय तोपर्यंत त्याच्या दृष्टीने प्रश्नच नाहीये.

याबद्दल वाचताना एक जुना प्रयोग सापडला. रिंगलमन नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता, ते १९१३ मध्ये छापून आलं. आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना लागायचा त्याच्या निम्म्यावर आला. यातला काही भाग एकाच वेळी सगळ्यांनी न ओढल्यामुळेही जातो, पण १९७९ मध्ये अमेरिकेत टाळ्या आणि आरडाओरडा करायला लावून परत तपासलं तरी तेच, घोळक्यात माणूस अंग चोरतो. मला खरी भिडली ती त्याच मंडळींची १९८१ ची गोष्ट, प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितल्याबरोबर लोक घोळक्यातही नीट जोर लावायला लागले. म्हणजे कुणाचा किती हे कळत नसलं की चांगली माणसंसुद्धा ढिली पडतात, आणि ज्याला मुळातच ढकलायचंय त्याला तर असं बिननावाचं काम म्हणजे मोकळं रानच.

म्हणून मी दोन गोष्टी बदलल्या. काम आलं की "नाही" म्हणायचं सोडून दिलं, कारण नाही म्हटलं की आपणच आखडू ठरतो. बॉसला सीसीमध्ये ठेवून साधं विचारायला लागले, "माझ्याकडे आज ही तीन कामं आहेत, हे चौथं घेतलं तर यातलं कुठलं उद्यावर टाकू?" तीन वेळा विचारल्यावर चौथ्यांदा विचारायची वेळ आली नाही. आणि महिनाअखेरच्या कामांची एक शीट केली, प्रत्येक ओळीपुढे एकच नाव. "टीम" असं लिहायचं नाही, दोन नावंही नाहीत. बॉसलाही ती आवडली कारण त्याला कुणाला विचारायचं ते कळायला लागलं.

एक मात्र आहे. ढकलणारा प्रत्येक जण आळशी असतो असं मला आता वाटत नाही. काहींना ते काम येतच नसतं आणि एवढ्या वर्षांनंतर येत नाही म्हणायची लाज वाटते. मी त्याला एकदा म्हटलं, अर्धा तास बसू, मी दाखवते. ज्याला खरंच येत नसतं तो माणूस बसतो हो, वही घेऊन बसतो, असेही लोक मी पाहिलेत. हा म्हणाला, "कशाला, तूच कर ना, लवकर होईल." तिथे मला उत्तर मिळालं.

पण झालं काय, माझ्याकडून सुटलेलं ते काम नाहीसं झालं नाही, ते जो सगळ्यात कमी बोलू शकतो त्याच्याकडे गेलं. प्रोबेशनवरची मुलगी सीनियरला काय बोलणार? त्यातून ती मुलगी आहे. ज्या कामातून बढती मिळत नाही अशी कामं बायकांना जास्त वेळा सांगितली जातात आणि त्या हो सुद्धा जास्त वेळा म्हणतात हे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलंय, मी ते स्वतःच्या अंगावर अनुभवलंय. आणि माझी चूक ही की स्वतःची मान सोडवून घेतल्यावर मी मागे वळून बघितलंच नाही.

त्या संध्याकाळी तिच्या शेजारी बसले, तिची डायरी सुरू करून दिली, आणि नावाची शीट उघडून दाखवली, रिकन्सिलिएशनपुढे नाव कुणाचं आहे ते बघ म्हटलं. आज सकाळी त्याने परत फाइल पाठवली तेव्हा तिने सगळ्यांना रिप्लाय केला, "सर, शीटमध्ये यावर तुमचं नाव आहे, ते बदलून माझं टाकू का?" हात थरथरत होते तिचे, सेंड करायच्या आधी दोनदा माझ्याकडे बघितलं. अर्ध्या तासाने उत्तर आलं, "राहू दे, मी बघतो."

सहा वाजेपर्यंत त्याने फाइल उघडली नव्हती. उद्या दुपारी डेडलाइन आहे. माझ्याच्याने दोन तासांत झालं असतं आणि हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. ती पण दोन-तीनदा म्हणाली, "मॅडम, करून टाकू का?" मी नको म्हटलं. दोघींनी कॉम्प्युटर बंद केले आणि बरोबरच बाहेर पडलो.