पार्किंगमधला हरिपाठ

सप्ताहाचा मंडप घालायचा म्हटलं की सोसायटीत पन्नास जण पुढे येतात. रोज संध्याकाळी अर्धा तास हरिपाठाला बसू या म्हटलं, की पाच. माझं मत विचाराल तर त्या पाच जणांच्या बसण्यातून जे होतं ते मंडपातून होत नाही. सप्ताह हवाच, त्याला माझा विरोध नाही. पण नोकरी गेलेल्या, रिपोर्ट वाईट आलेल्या, मुलाशी बोलणं तुटलेल्या माणसाला सप्ताहाच्या तारखेपर्यंत थांबता येत नाही. त्याला धीर मंगळवारी संध्याकाळी पावणेसात वाजता लागतो, आणि तेव्हा मोठे कीर्तनकार येत नाहीत, खालच्या मजल्यावरच्या काकू येतात.

एकट्याने घरी देवापुढे बसून नाम घेणं फार अवघड आहे. चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी कुकरची शिट्टी, सहाव्या दिवशी फोन, सातव्या दिवशी मन नाही. शेजारी बसलेलं माणूस म्हणत असेल तर मन नसतानाही तोंड उघडतं. निम्मं काम तिथेच झालं. ज्ञानदेवांच्या हरिपाठाची बांधणीच या गोष्टीला धरून आहे. अभंग २७, काही प्रतींत २८. बहुतेक चार-चार कडव्यांचे, आणि ओळींची वाटणी सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांची. म्हणजे दमा असलेल्या आजोबांनाही एका श्वासात तुकडा पुरा करता येतो. त्यात पहिल्याच अभंगातलं ‘हरि मुखें म्हणा’ हे कडवं ध्रुवपद म्हणून पुन्हा पुन्हा येतं. नवीन आलेल्या माणसाला एकही अभंग पाठ नसला तरी पहिल्या पाच मिनिटांत तो ध्रुवपदात सामील होतो. पुस्तक नसलं तरी चालतं, वाचता येत नसलं तरी चालतं. इतकी सोपी आत शिरण्याची वाट दुसऱ्या कुठल्या उपासनेत मी तरी पाहिलेली नाही.

वेळेचा हिशेब असा. ध्रुवपदासह एका अभंगाला साधारण ५० सेकंद. २८ अभंगांना २३-२४ मिनिटं. सुरुवातीला विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा एक अभंग आणि शेवटी गजर व पसायदान धरून अर्धा तास. हा अर्धा तास ओलांडायचा नाही. पावल्या खेळत, म्हणजे तालावर पावलं टाकत, उभ्याने म्हणायचा हरिपाठ तासभरही चालतो, तो एकादशीला करावा, रोज नाही. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला की सर्वात आधी गळतात त्या स्वयंपाक असलेल्या बायका, आणि त्या गळल्या की महिन्याभरात मंडळ संपतं. वेळ कोणती ठेवायची? ज्यांना रोज यायचंय त्यांच्या घरातल्या कामांना विचारून. दिवेलागण छान वाटते, पण लोकलने येणारे तोवर घरी पोचलेले नसतात. रविवारी आणि एकादशीला वेळ उशिरा ठेवून त्यांना घ्यावं. रोजची वेळ मात्र त्यांच्यासाठी पुढेमागे करत बसू नये. आज पावणेसात, उद्या सव्वासात असं झालं की कोणीच वेळेवर येत नाही.

जागा. कोणाच्या घरी बसलं की तो त्या घरचा कार्यक्रम होतो. मग त्या घरच्या बाईला चहा टाकावासा वाटतो, पुसून-झाडून ठेवावंसं वाटतं, आणि ज्यांचं त्या घराशी पटत नाही ते फिरकत नाहीत. म्हणून पार्किंग, जिन्याखालची मोकळी जागा, गच्ची किंवा सोसायटीचं ऑफिस. कमिटीला दोन ओळींचं पत्र द्यावं, कोणाची गाडी अडणार नाही हे पाहावं. सतरंज्या दोन, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी पाच-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. खुर्च्या मागे भिंतीला लावू नयेत, सतरंजीच्या कडेलाच ठेवाव्यात. मागे बसलेली म्हातारी माणसं प्रेक्षक होतात, गात नाहीत.

टाळांचे चार जोड पुरे. काँक्रीटच्या छताखाली काशाचे दहा टाळ वाजले की शब्द ऐकू येत नाहीत आणि पहिल्या मजल्यावरचं बाळ उठतं. टाळ वाजवणाऱ्या नवख्याचा हात हमखास पुढे पळतो. लय वाढत जाते आणि विसाव्या अभंगापर्यंत सगळे धापा टाकतात. यावर उपाय एकच: ज्याचा हात स्थिर आहे अशा एकाच्या टाळाकडे बाकीच्यांनी बघायचं. पखवाज असला तर उत्तम, पण तो वाजवणारा, त्याच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावणारा माणूस रोज मिळत नाही. नाही मिळाला तर टाळ्या. पेटीची तर रोजच्या हरिपाठाला गरजच नसते. सूर कोणी धरायचा यावर भांडणं होतात, म्हणून सांगतो: सगळ्यात गोड गळ्याच्या माणसाने सुरुवात करू नये. तो वर धरतो, दहाव्या अभंगाला बाकीच्यांचे आवाज बसतात आणि मग तो एकटा गातो, बाकीचे ऐकतात. मध्यम, थोड्या जाड आवाजाच्या माणसाने धरावं.

मोबाइलवर अभंग वाचायचे नाहीत. स्क्रीन मध्येच बंद होते, मेसेज येतात, आणि मान खाली गेली की समोरच्याचा चेहरा दिसत नाही. खिशातली छोटी पुस्तकं स्वस्त मिळतात, पण साठीच्या पुढच्यांना ती अक्षरं दिसत नाहीत. १८ किंवा २० पॉइंटच्या अक्षरांत प्रिंट काढून स्पायरल करून घ्यावं, दहा प्रती. एका संध्याकाळचं काम आहे.

आता ज्या भागाला मी सर्वात जास्त महत्त्व देतो तो. गजर संपला की वारकऱ्यांच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांच्या पाया पडायचं. लहानाने मोठ्याच्या, असं नाही. एकमेकांच्या. वारीत सत्तर वर्षांचा माणूस वीस वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतो आणि दोघंही एकमेकांना माऊली म्हणतात. सोसायटीत याला सुरुवातीला लाज वाटते, विशेषतः पुरुषांना. पाण्याच्या टाकीवरून, पार्किंगच्या जागेवरून, कुत्र्यावरून वर्षभर न बोललेली दोन माणसं इथे समोरासमोर येतात. त्यांना समेट करायला कोणी सांगायचं नाही. फक्त रीत पाळायची. वाकण्यातून सगळे वाद मिटतात असा माझा दावा नाही, पण रोज ज्याच्या पायाला हात लावतो त्याच्याविषयी जनरल मीटिंगमध्ये वाटेल ते बोलणं जड जातं, एवढं नक्की. कपाळाला बुक्का लावायचं काम लहान मुलाला द्यावं. मुलांना बसायला सांगितलं की ती पळतात, काम दिलं की थांबतात.

बिघडतं कुठे, तर पहिल्यांदा प्रसादात. सुरुवात खडीसाखरेने होते. मग कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस येतो आणि शिरा येतो. पुढच्या आठवड्यात ढोकळा, मग पावभाजी. महिन्यात पाळ्यांची यादी लागते, आणि ज्या घरी पगार पुरत नाही ते घर आपली पाळी यायच्या आधी यायचं बंद होतं. कारण कोणी सांगत नाही, गुडघे दुखतात म्हणतात. म्हणून पहिल्या दिवशीच ठरवावं: खडीसाखर किंवा फुटाणे, एकादशीला शेंगदाण्याचा लाडू, बाकी काही नाही. ज्यांना घालायचंच आहे त्यांनी आपापल्या घरी बोलावून घालावं. वर्गणीही नको. सतरंजी आणि टाळ एकदा घेतले की खर्च उरतच नाही. पैसे जमले की खजिनदार येतो, खजिनदार आला की हिशेब मागणारा येतो. पाठोपाठ बॅनर, टी-शर्ट आणि नगरसेवकाचा फोटो.

माइक तर अजिबात नको. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, लाउडस्पीकरला परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ तो चालत नाही. पण कायदा बाजूला ठेवा. पंधरा माणसांना एकमेकांना ऐकवायला माइक लागत नाही, तो लागतो न आलेल्यांना ऐकवायला. दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीच्या खिडकीत जबरदस्तीने गेलेल्या नामाने तिच्या मनात भक्ती येईल असं मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप ठेवायचाच असेल तर त्यावर फक्त अॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग करावी आणि त्यावर दोनच गोष्टी जाव्यात: वेळ बदलली, आणि कोणाला काही हवं आहे. गुड मॉर्निंग, निवडणूक, चमत्कार, हळदीचे औषधी उपयोग, सगळं बाहेर.

पंधरा-वीस दिवसांत माणसांच्या जागा ठरून जातात. तिथून या बसण्याचा दुसरा उपयोग सुरू होतो: कोण आलं नाही ते दिसतं. एरवी बंद दाराआड माणूस आठ दिवस तापाने फणफणला तरी शेजाऱ्याला कळत नाही. सलग तीन दिवस जागा रिकामी दिसली की एकाने, एकानेच, दार वाजवावं. पाच जणांचं शिष्टमंडळ नको. ‘का आला नाहीत?’ विचारू नये, तो हजेरीचा प्रश्न आहे. ‘औषधं आणायचीत का?’ हा प्रश्न बरा, कारण त्याचं उत्तर देता येतं. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची एक चावी, चालू गोळ्यांची यादी आणि मुलांचे फोन नंबर शेजारच्या दोन घरांत असावेत. १०८ ला फोन केला की पत्ता सांगायला, लिफ्ट धरून ठेवायला, गेट उघडायला माणूस लागतो. हे काम कोणाचं ते आधी ठरलेलं असावं. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही भिंतीवर लिहून ठेवावी.

इथेच एक गोष्ट कडकपणे सांगायला हवी. ‘नाम घ्या, गोळ्यांची गरज पडणार नाही’ असं म्हणणारा माणूस प्रत्येक मंडळात एक तरी असतो, आणि तो बहुधा मनाने चांगला असतो. त्याला थांबवलंच पाहिजे. डिप्रेशनच्या, बीपीच्या, साखरेच्या गोळ्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मध्येच बंद केलेल्या माणसाची जबाबदारी पुढे कोणीच घेत नाही. मन फार ढासळलेलं दिसलं तर त्या माणसाबरोबर डॉक्टरकडे जावं, किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या शेजारी बसून लावून द्यावा. त्यामुळे श्रद्धेला काही कमीपणा येत नाही.

ज्या घरी कोणी गेलं त्या घरचे लोक सुतकात बाहेर पडत नाहीत. तेव्हा मंडळींनी तिथे जावं. नाम घ्यायला काळवेळ नाही हे हरिपाठातच सांगितलेलं आहे. ठरलेल्या वेळी जायचं, जमिनीवर बसायचं, टाळ न घेता हळू आवाजात म्हणायचं, पसायदान झालं की उठायचं. ‘चांगलं मरण आलं’, ‘देवाची इच्छा’ ही वाक्यं घरीच ठेवून यावीत. चहा घेऊ नये, त्या घरात आधीच दिवसभर भांडी पडतात. तेरा दिवस लोक येतात, चौदाव्या दिवसापासून कोणी येत नाही. खरं बोलावणं तेव्हाचं असतं. जाताना दार वाजवून ‘चला, खाली बसतोय’ एवढंच म्हणावं. ती व्यक्ती महिनाभर नाही आली तरी दार वाजवत राहावं.

आणि कोणाला बोलवायचं, हा प्रश्न ज्या सोसायटीत निघतो तिथे हरिपाठ सुरूच करू नये. मासिक पाळी, जात, भाडेकरू, वॉचमनचं कुटुंब, यातलं एकही कारण चालणार नाही. संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी आपल्या अभंगात विटाळाचा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे, आणि तरीही पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद याच परंपरेतले संत आहेत, तेव्हा शेजारच्या मुसलमान कुटुंबातलं कोणी येऊन बसलं तर दचकायचं कारण नाही. कोणी नाही आलं तर त्याचंही काही नाही. वॉचमनला मात्र खुर्ची द्यावी, कारण तो तिथेच उभा असतो आणि त्याला बसायला कोणी म्हणत नाही.

परदेशातली मराठी मंडळी हे ऑनलाइन करतात. तिथे एक अडचण आहे. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे सगळ्यांनी एकत्र म्हटलं की गोंधळ होतो. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी म्यूट करून घरच्या घरी म्हणायचं, हाच उपाय. काही नसण्यापेक्षा ते पुष्कळ बरं, पण जवळ दोन घरं मराठी असतील तर आठवड्यातून एकदा तरी प्रत्यक्ष बसावं.

सुरुवात आषाढी एकादशीला करावी. आषाढीपासून कार्तिकीपर्यंतचे चार महिने हा आपोआप मिळणारा प्रयोगाचा काळ आहे. लोक एरवीही चातुर्मासात काही तरी नेम धरतात. पहिल्या आठवड्यात पंचवीस येतात, हुरळून जाऊ नये. श्रावणात पाऊस आणि पाहुणे, संख्या निम्मी. गणपतीत आरत्यांमुळे दहा दिवस बंद ठेवावा, ओढाताण करू नये. नवरात्रात बायका गरब्याला किंवा भोंडल्याला जातात. दिवाळीच्या आठवड्यात पुन्हा बंद. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करताना तीन-चारच माणसं असतात आणि बहुतेक मंडळं नेमकी इथे मोडतात, कारण उरलेल्यांना वाटतं की आता यात राम नाही. त्या दिवशी कोणाला फोन करू नयेत, टोमणे मारू नयेत, ठरलेल्या मिनिटाला सुरुवात करावी. दोघंच असले तर एकाने अभंग म्हणावा आणि दुसऱ्याने ध्रुवपद. सतरंजी मात्र पंधरा जणांची घालावी, नाहीतर उशिरा येणारा माणूस जागा नाही असं पाहून जिन्यानेच वर निघून जातो.