दंडाचं नंतर, आधी तास मोजा

पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर, २०२४ साली, अल्पवयीन चालकाला जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेल्या त्या ३०० शब्दांच्या निबंधावरून अख्खा महाराष्ट्र चिडला होता. तेव्हापासून आमच्या नाशिकच्या फॅमिली ग्रुपवर नवशिक्या चालकांचा विषय निघाला की चर्चा दंडावरच येऊन थांबते. अल्पवयीन मुलाला गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, ही तरतूद २०१९च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहेच. तरी संध्याकाळी क्लास सुटले की कॉलेज रोडला ट्रिपल सीट पोरं दिसतातच. मला वेगळंच विचारायचंय. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला आपण शेजारी बसून किती तास शिकवतो?

मी सिडनीत राहते. इथे न्यू साउथ वेल्समध्ये पंचविशीच्या आतल्या शिकाऊ चालकाला १२० तासांची नोंदवही भरावी लागते, त्यातले २० तास रात्रीचे. शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस हवं. बहुतेक घरांत ते आई किंवा बाबाच. पास झाल्यावर गाडीला लाल ‘पी’ची पाटी लागते. मग वेग ताशी ९०च्या आत, दारू शून्य, फोन हँड्सफ्रीसुद्धा नाही. शिवाय रात्री अकरा ते पहाटे पाच, एकविशीच्या आतला एकच सोबती. मला हा शेवटचा नियम सगळ्यात शहाणा वाटतो. मागे तीन मित्र ‘अजून दाब’ म्हणायला लागले की चांगलं पोरही बिघडतं. बाकी, वहीत खोटे तास लिहिणारे पालक इथेही आहेत.

यावर वहिनी म्हणाली, “ताई, तुमचे रस्ते मोकळे. एकदा नाशिकच्या द्वारका चौकात चालवून दाखवा.” बरोबर आहे तिचं. आपली पाळी यायची वाट बघणारा इथला मुलगा द्वारका चौकात संध्याकाळपर्यंत उभा राहील. सर्व्हिस रोडने राँग साइड येणारी रिक्षा इथल्या कुठल्याच परीक्षेत नसते. आणि इथली बहुतेक मुलं थेट कारमध्ये शिकतात, नाशिकची आधी अ‍ॅक्टिव्हावर. म्हणून इथली पाट्यांची पद्धत जशीच्या तशी उचलून आणा, असं मी म्हणणार नाही.

तासांचं मात्र तसं नाही. शिकाऊ चालकाशेजारी लायसन्सवाला हवा, गाडीला लाल ‘एल’ हवा, हे आपल्याही नियमात आहे. फक्त तीस दिवसांनी पक्क्या परीक्षेला बसता येतं आणि तास कोणी मोजत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही ब्रेक असतो. तेवढ्या भरवशावर पोरगी पास होते आणि पुढच्याच रविवारी सगळ्यांना घेऊन शिर्डीला निघते.

भाचीसाठी मी भावाला लिहिलं ते असं. सुरुवातीचे तास रविवारी पहाटे, गंगापूर रोडला. जमलं की गर्दीत, मग पावसात. रात्रीचे तास पिंपळगावच्या बाजूला, कारण कांद्याच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही आणि ती रस्त्याकडेला उभीही असू शकते. आपल्या हेडलाइटचा उजेड पोचतो तेवढ्या अंतरात थांबता येईल, इतकाच वेग. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस. कसारा घाट सगळ्यात शेवटी, आणि उतरताना खालच्या गिअरमध्ये. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात. अ‍ॅक्टिव्हा शिकतानाही हेच, मोठं माणूस मागे, हेल्मेट दोघांना.

भावाचं म्हणणं, १२० तास आणू कुठून? लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं. रोज चाळीस मिनिटं धरली तर तेवढ्यात १२० तास भरतात. तो तिला नाशिकरोडहून कॉलेजला सोडतो, संध्याकाळी आणतो. हात जरा बसला की त्याच फेऱ्यांना किल्ली तिच्याकडे द्यायची आणि आपण फोन खिशात ठेवून शेजारी बसायचं.