पाय धुतलेला काराव्हाज्जो

स्टीव्ह मॅक्लीन यांचा 'पोस्टकार्ड्स फ्रॉम लंडन' (२०१८) हा चित्रपट गेल्या आठवड्यात एरंडवण्यात एका मित्राकडे, भिंतीवर प्रोजेक्टर लावून, आम्ही चार-पाच जणांनी पाहिला. देहविक्रय करणाऱ्या तरुण मुलांवरचा चित्रपट म्हणून मी बऱ्याच अपेक्षेने बसलो होतो. चित्रपट देखणा आहे, आणि माझी तक्रार नेमकी त्या देखणेपणाबद्दल आहे.

एसेक्समधून लंडनच्या सोहो भागात आलेला जिम 'रॅकॉन्टर्स' म्हणवून घेणाऱ्या मुलांच्या टोळीत सामील होतो. ही मुले गिऱ्हाइकाला शय्यासुखानंतर चित्रकला-साहित्यावरच्या गप्पाही पुरवतात. जिमची अडचण अशी, की थोर चित्रासमोर उभा राहिला की तो भोवळ येऊन कोसळतो आणि त्या अवस्थेत इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या चित्रांत जाऊन पोहोचतो. (स्तांदाल या फ्रेंच लेखकाने फ्लॉरेन्समध्ये आपली झालेली अशीच अवस्था प्रवासवर्णनात लिहून ठेवली, विकाराला नावही त्याचेच आहे.) कल्पना झकास आहे, यात वाद नाही.

पण काराव्हाज्जोचे नाव घेणे ही जबाबदारीची गोष्ट आहे. रोमच्या सांत-आगोस्तिनो चर्चमध्ये त्याचे एक चित्र आहे, ज्यात ख्रिस्तमाता मेरीपुढे गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळकट तळवे थेट पाहणाऱ्याकडे आलेले आहेत. भक्तिभाव वगैरे नंतर, आधी तो मळ दिसतो. मेरीच्या मृत्यूचे त्याचे चित्र ज्या चर्चसाठी काढले होते तिथल्या धर्मगुरूंनी नाकारले, आणि मॉडेल म्हणून त्याने एका वेश्येला घेतल्याचा प्रवाद त्या काळातच उठला होता. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. असा चित्रकार ज्या चित्रपटाचा आधारस्तंभ, त्यातली मुले मात्र अत्तराच्या जाहिरातीतून उतरल्यासारखी दिसतात. रात्रीचा भाव कोण ठरवतो, नको असलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येते का, आजारपणात खोलीचे भाडे कुठून येते, यांपैकी कशाचाही चित्रपटाला जाच होत नाही. देहविक्रय इथे गप्पा मारण्यासाठी लागणारे निमित्त आहे.

मित्राचे म्हणणे असे, की सगळा चित्रपट निऑन दिव्यांच्या उघड उघड खोट्या सेटवर घडतो, तेव्हा त्याच्याकडे वास्तव मागणेच चूक. मला हे पटले नाही. ब्रिटिश दिग्दर्शक डेरेक जार्मन यांचा १९८६चा 'काराव्हाज्जो' हा चित्रपट लंडनमधल्या एका गोदामातच चित्रित झाला, त्यात टाइपरायटर आणि कॅल्क्युलेटरही बिनदिक्कत येतात. पण चित्रकार मॉडेलला सोन्याची नाणी देतो आणि तो ती तोंडात साठवत जातो, त्या एका प्रसंगात इच्छा, पैसा आणि मिंधेपणा यांचा सगळा व्यवहार उघडा पडतो. सेट तिथेही खोटाच होता.

सोहोला लागूनच पिकॅडिली आहे, जिथल्या कठड्यांना टेकून अशी मुले कित्येक दशके गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी राहिली. इंग्लंडमध्ये १९६७च्या कायद्याने फक्त एकवीस वर्षांवरील पुरुषांच्या खासगीतल्या संबंधांना मोकळीक दिली. रस्त्यावर उभे राहणे गुन्हाच राहिले. आपल्याकडे तर देहव्यापारविषयक कायद्याच्या नावातच १९८६पर्यंत 'स्त्रिया आणि मुली' एवढेच होते. पुरुषही या धंद्यात असतात हे कायद्याने तेव्हाच्या दुरुस्तीत प्रथम धरले. दगडूशेठला दर्शनाला जाणाऱ्या पुणेकराला शेजारची बुधवार पेठेतली वेश्यावस्ती म्हटल्यावर आजही बायकाच आठवतात. ज्यांच्याबद्दल इतके कमी बोलले जाते, त्यांच्यावर चित्रपट काढून त्यांच्या तोंडी फक्त इतरांच्या चित्रांबद्दलची वाक्ये घालावीत, हे मला कोतेपणाचे वाटते.

जिमच्या भोवळीचा उपयोग पुढे अस्सल आणि नकली चित्र ओळखण्यासाठी होऊ लागतो, तिथे चित्रपट क्षणभर जागा होतो, कारण या मुलाचे शरीर वेगळ्या मार्गाने पुन्हा विकलेच जात असते. पण दिग्दर्शक तिथूनही गमतीगमतीत निघून जातात. हॅरिस डिकिन्सन मात्र जिमचा भाबडेपणा छान सांभाळतो. त्याच्यासाठी पाहायचाच असेल, तर पहिला अर्धा तास पुरे.