भोक वजा जाता १२२ ग्रॅम

गेले तीन महिने मी रोज सकाळी फोनमधल्या कॅलरीच्या ॲपमध्ये इमानेइतबारे नोंद करत होते: एक बेगल (मधे भोक असलेला गोल, चिवट ब्रेड), क्रीम चीजसह. ॲप म्हणायचं ३६०. मी म्हणायचे, बरं, दुपारी जरा हात आखडता घेऊ. वजनाचा काटा मात्र ढिम्म. दोष अर्थातच क्रीम चीजच्या माथी गेला. गुळगुळीत, पांढरंशुभ्र आणि नावातच क्रीम. संशय घ्यायला आणखी काय हवं?

परवा शेवटी केकसाठी घेतलेला छोटा वजनकाटा खाली काढला. बशी ठेवली, आकडा शून्यावर आणला, बेगल ठेवला. १२२ ग्रॅम! मधलं भोक काट्याने मोजलेलं नाही, हे लक्षात घ्या. मग रोज लावते तसंच, हात न आवरता, दोन्ही अर्ध्यांवर क्रीम चीज फासलं. ५८ ग्रॅम. धाकटा भाऊ दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "ताई, नाश्ता करतेयस की सोनं तोलतेयस?"

हिशेब असा. साध्या बेगलला १०० ग्रॅममागे साधारण २६५ कॅलरी धरतात, म्हणजे माझा झाला ३२३चा. क्रीम चीजला १०० ग्रॅममागे ३५०, म्हणजे ते २०३. एकूण ५२६. ॲप खोटं बोलत नव्हतं हो. त्याच्या मनातला बेगल ९८ ग्रॅमचा होता आणि चीज दोन टेबलस्पून, म्हणजे २८ ग्रॅम. तो बेगल मी कधी खाल्लाच नव्हता. आकडा दुसऱ्याच कुणाच्या तरी नाश्त्याचा, आणि मी तो माझ्या नावावर टाकत होते.

आता यातला मोठा वाटा कुणाचा ते बघा. ज्याला मी तीन महिने शिव्या घातल्या ते चीज २०३, आणि ज्याला 'साधा ब्रेडच तर आहे' म्हणून सोडून दिलं तो बेगल ३२३. याचं कारण तो बनवतात कसा यात आहे. बेगलची कणीक घट्ट असते, पाणी बेताचं, पीठ भरपूर ग्लूटेनचं, म्हणजे कणकेला चिवटपणा देणाऱ्या प्रोटीनचं. आणि भट्टीत जाण्याआधी तो उकळत्या पाण्यात टाकतात. त्यामुळे वरचा स्टार्च शिजून साल आधीच धरते, मग भट्टीत तो पावासारखा फुगू शकत नाही. म्हणून चावताना तो छान चिवट लागतो, आणि म्हणूनच तेवढ्याशा आकारात एवढं पीठ मावतं. ब्रेडचा एक स्लाइस साधारण ७५ कॅलरीचा. चार स्लाइसची चळत बशीत रचून बसले असते तर मलाच लाज वाटली असती. तेच पीठ गोल वळून मधे भोक पाडलं की त्याचा 'एक' होतो आणि आपण बिनघोर खातो.

शिवाय हा 'एक'सुद्धा वाढत गेलाय. अमेरिकेतल्या नॅशनल हार्ट, लंग अँड ब्लड इन्स्टिट्यूटने खाण्याचे आकार कसे फुगत गेले हे लोकांना दाखवण्यासाठी एक प्रश्नमंजूषा केली होती. त्यात त्याआधी वीस वर्षांपूर्वीचा बेगल ३ इंचांचा आणि १४० कॅलरीचा, तर त्या वेळचा ६ इंचांचा आणि ३५० कॅलरीचा. नाव मात्र तेच.

म्हणून क्रीम चीज निर्दोष, असं मी म्हणत नाहीये. 'चीज म्हणजे प्रोटीन' हा आपला एक लाडका गैरसमज आहे, आणि तो निदान इथे तरी सोडायला हवा. २८ ग्रॅम चेडर या घट्ट चीजमध्ये ७ ग्रॅम प्रोटीन असतं, तेवढ्याच क्रीम चीजमध्ये जेमतेम २. कॅल्शियमचीही तीच रड. क्रीम चीज हे वृत्तीने चीजपेक्षा लोण्याच्या जवळचं आहे. (चमच्याला चमचा लावला तर लोण्याच्या निम्म्या कॅलरी, एवढं श्रेय द्यायला हवं.) माझ्या त्या नाश्त्यात साधारण १६ ग्रॅम प्रोटीन होतं, आणि त्यातलं १२-१३ ग्रॅम बिचाऱ्या बेगलचं. तेही गव्हाचं, म्हणजे लायसिन हा प्रोटीनमधला गरजेचा घटक कमी असलेलं.

चीजचा खरा मुद्दा सॅच्युरेटेड फॅटचा, म्हणजे लोणी-तुपात भरपूर असतं त्या फॅटचा. ५८ ग्रॅममध्ये ते ११ ग्रॅमच्या आसपास जातं. दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त त्यातून येऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००० कॅलरी खाणाऱ्याला ते २२ ग्रॅम. म्हणजे सकाळी नऊच्या आत निम्मा कोटा संपला! मिठाकडे तर आपलं लक्षच जात नाही, कारण बेगल खारट लागत नाही. सोडियम दोन्ही मिळून ७०० मिलिग्रॅमच्या पुढे सहज जातं, दिवसाची मर्यादा २०००. फायबर इनमिन ३ ग्रॅम.

मग सोडला का बेगल? छे. आता अर्धाच खाते, उघडा, त्यावर पूर्ण मनासारखं चीज आणि शेजारी एक उकडलेलं अंडं. फॅट-फ्री क्रीम चीज आणून पाहिलं. ते चवीला भिंतीच्या पुट्टीसारखं लागतं, माझं ठाम मत आहे, वाद घालू नका. फेटलेलं मिळतं ते बरं, त्यात हवा असते, त्यामुळे तेवढाच चमचा हलका पडतो. आणि बेगलच्या गव्हाळ रंगावर भाळू नका. पूर्ण गव्हाच्या बेगलमध्ये फायबर जास्त असतं, पण कॅलरी जवळपास तेवढ्याच.

भावाने अर्थातच स्वतःची युक्ती काढली. बेगल आडवा कापायचा, आतला मऊ भाग बोटांनी पोखरून काढायचा, नुसतं कवच खायचं. "३० ग्रॅम ब्रेड वाचला, ८० कॅलरी गेल्या," म्हणाला. मी काही न बोलता काटा पुढे सरकवला. पोखरल्यामुळे झालेल्या त्या खोलगट पन्हाळीत त्याने क्रीम चीज काठोकाठ भरलं होतं. ९४ ग्रॅम. आणि काढलेला मऊ भाग ओट्याशी उभ्याउभ्या माझ्यादेखत तोंडात टाकत होता.